भिंतीवरची सतरा नावं

माकोनेसेच्या दुकानाच्या भिंतीवर, साबणाच्या जाहिरातीशेजारी, सरकारी माणसाने खळ लावून एक कागद चिकटवला, तेव्हा बासष्ट सालचा ऑगस्ट चालू होता. कागदावर सतरा नावं होती. आमच्या चिनेर्वा भागात सहा-सात हजार माणसं राहत असतील. त्यांतली मत द्यायला लायक ठरलेली एवढीच. नववं नाव आमच्या ह्यांचं होतं. ग्वातिझो, क्लिओपास. मुख्याध्यापक.

राज्य गोऱ्यांचं, आणि त्यांची यादी वेगळी. तिला 'अ' म्हणत. 'अ' यादीत बसायला जेवढा पगार आणि जेवढी मालमत्ता लागायची तेवढी आमच्यातल्या कुणाकडे असणार? आमच्यासाठी 'ब' यादी. कायदेमंडळात 'अ'वाल्यांच्या वाट्याला पन्नास जागा, 'ब'वाल्यांच्या वाट्याला पंधरा. आणि त्या 'ब'मध्ये शिरायलासुद्धा पगाराचा कागद दाखवायचा, शाळेचा दाखला दाखवायचा आणि इंग्रजी फॉर्म साहेबाच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या हाताने भरायचा. ह्यांनी तो आदल्या वर्षी भरला होता. घरी आले ते सायकलची घंटी वाजवत. मला म्हणाले, "तुझंही नाव घालता येतं. बायकोला नवऱ्याच्या पगारावर मत मिळतं."

मी म्हटलं, "तुमच्या पगारावर मला कापडं मिळतात तेवढी पुरेत. मत नको."

ते हसले. तेव्हा हसण्यासारखं वाटलं होतं.

सप्टेंबरात आमच्या पक्षावर बंदी आली. पुढाऱ्यांना आपापल्या गावी डांबलं. पण बंदी आली म्हणून पक्ष थोडाच जातो? निरोप घरोघर पोचला: ह्या निवडणुकीला कुणी हात लावायचा नाही. जो मत देईल तो गोऱ्यांचा. झालं, भिंतीवरचा कागद एका दिवसात बदलला. अक्षरं तीच होती, पण काल ज्या नावांकडे लोक कौतुकाने बघत होते, त्याच नावांवर आता बोट ठेवून कुजबुजायला लागले.

पहिलं नाव खोडलं ते खुद्द माकोनेसेबाबांनी. शनिवार होता. गुरं गोचिडांच्या औषधाच्या हौदातून काढून लोक दुकानासमोर टेकलेले. ओट्यावरच्या शिंप्याच्या इस्त्रीतला विझलेला कोळसा माकोनेसेबाबांनी उचलला आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या नावावर असा काही फिरवला, की कागद फाटायचा राहिला. "हे घ्या तुमचं मत!" म्हणाले. बायकांनी आनंदाने लुलुलु करून गाव दणाणून सोडलं. माकोनेसेबाबांनी सगळ्या पोरांना गोळ्या वाटल्या. पक्षाच्या सभांना माणसं न्यायला आमच्या भागात लॉरी एकच होती, तीही त्यांचीच. त्या दिवसापासून त्यांचा मान आणखी वाढला.

मग एकेक जण येऊन कोळसा उचलू लागला. मिशनचा सुतार, दोन शिक्षक, दवाखान्यातला कंपाउंडर, धरणाच्या कामावरचा मुकादम. ऑक्टोबर निम्मा झाला तोवर सोळा नावं काळी झाली होती. नववं तेवढं स्वच्छ. इतकं स्वच्छ की लांबून तेच दिसायचं.

मी मीठ आणायला जायचे तर नजर नको म्हटलं तरी तिकडे जायची. एकदा मी घरी येऊन सरळ विचारलं, "द्यायचंय का मत?"

"अजून ठरवलं नाही."

"मग खोडून का टाकत नाही?"

"ते नाव मी स्वतः लिहिलंय, एस्नात. वर्गात मुलं खोडाखोड करतात, तेव्हा मी काय म्हणतो?"

"ही शाळा नाही."

"तेच सांगतोय. शाळा असती तर मी छडी घेऊन सगळ्यांना रांगेत उभं केलं असतं." मग फळ्यासमोर उभं राहावं तसे बोटांवर मोजत म्हणाले, "गोऱ्यांचे दोन पक्ष. एक म्हणतो, काळ्यांना हक्क हळूहळू देऊ. दुसरा म्हणतो, कधीच नको. सतराच्या सतरा जण गेलो असतो, शेजारच्या भागातले वीस गेले असते, तर त्या दुसऱ्याला थोडी तरी आडकाठी झाली असती. आता मी एकटा काय करणार? पण सतरावा म्हणून खोडून तरी काय होणार?"

असे ते दोन्हीकडून बोलायचे. जेवायला बसले की मक्याच्या पिठाच्या साद्झाचा गोळा हातात तसाच थंड व्हायचा. सायकल पुसायला घ्यायचे आणि पुसलेलीच पुन्हा पुसायचे.

नोव्हेंबरात माझा भाऊ तफिरेई आला. ह्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. पण आमच्याकडे बायकोचा भाऊ वयाने कितीही लहान असो, मान त्याला सासऱ्याचा. मुख्याध्यापक असलेले आमचे हे खाली चटईवर बसले, टाळ्या वाजवून त्यांनी त्याला नमस्कार केला आणि तो पोरगेला तफिरेई खुर्चीवर. तो पक्षाचं काम करायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. दाढी वाढली होती, बुटाचा तळ तारेने बांधलेला.

"जावईबापू," तो म्हणाला, "मी पक्षाचा म्हणून आलो नाही. सासरा म्हणून आलोय. तो कोळसा हातात धरायला जड आहे का?"

"जड नाही, सासरेबुवा. पण मला कुणी सांगितलं म्हणून धरवत नाही."

"साहेबानं सांगितलं तेव्हा पेन बरं धरवलं!"

हे खाली मान घालून हसले. "लागलं," म्हणाले. "खरंच लागलं."

"हसू नका. पोरं माझं ऐकतात तोवर ऐकतात. ती म्हणतात, गुरुजीच असं करायला लागले, तर आम्ही शिकायचं कुणाकडून?"

"त्यांना सांगा, ज्याचं त्याने ठरवावं, एवढंच मी आजवर शिकवलं. दुसरं काही मला येत नाही."

तफिरेईने माझ्याकडे पाहिलं. मी तान्ह्या लेकीला, चिएद्झाला, पाठीवर बांधण्याच्या निमित्ताने बाहेर गेले. कुणाची बाजू घेणार? तो उठला, मी पुढे केलेलं दूध न पिताच गेला. माझ्या घरातून तो उपाशी गेला असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर शाळेतली मुलं कमी होऊ लागली. चौथीत बेचाळीस होती, त्यांची एकोणीस झाली, मग आठ. शाळेच्या घंटेचा लोखंडी तुकडा एक दिवस झाडावरून गायब झाला. हे तोंडाने हाका मारून तास घ्यायचे. हापशावर मी गेले की बायका बाजूला सरायच्या, म्हणायच्या, "या, या, साहेबीणबाई, तुम्ही आधी भरा." आणि मी घागर भरेपर्यंत कुणी चकार शब्द काढायची नाही. एरवी त्या हापशावर एवढी गडबड असायची की पाण्याचा आवाज ऐकू येऊ नये.

मतदान चौदा डिसेंबरला होतं, शुक्रवारी. शाळेला नाताळची सुट्टी लागली होती. सकाळी ह्यांनी पांढरा सदरा इस्त्री केला, स्वतः. सायकल काढली आणि निघाले. मतदानाची जागा म्हणजे कमिशनरसाहेबाची कचेरी, बारा मैलांवर.

मी अंगण झाडलं. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. भुईमूग सोलायला घेतला आणि दाणे सालात नि सालं दाण्यांत टाकत राहिले. शेजारची कुंपणापलीकडून म्हणाली, "गुरुजी लवकर बाहेर पडले आज?"

"खत बघायला गेलेत."

"सदरा छान होता खताला," ती म्हणाली.

मग मला घरात बसवेना. चिएद्झाला पाठीवर बांधलं, फडक्यात चार माझांजे, ती रानातली गोड फळं, गुंडाळले आणि रस्त्याला लागले. वाटेत मिशनच्या ट्रॅक्टरने अर्ध्या वाटेपर्यंत नेलं, बाकीचं चालले. काय करणार होते तिथे जाऊन? मला आजही सांगता येणार नाही. घरी असते तर वेडी झाले असते, एवढंच.

कचेरीपाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रस्त्याच्या अलीकडे अंजिराचं मोठं झाड आहे. त्याच्या बुंध्याला सायकल टेकलेली आणि शेजारी मुळावर हे बसलेले, कचेरीकडे पाठ करून. सदऱ्याची इस्त्री पार गेली होती.

"दिलंत?" मी विचारलं.

"नाही."

"मग चला घरी."

"तेही जमत नाही." त्यांनी माझ्या हातातलं माझांजे घेतलं, सोललं आणि खाल्लं नाही. "नऊ वाजल्यापासून बसलोय, आत्ता कुठे पाठ फिरवली. गोरे पाच-सहा येऊन गेले. मिशनचे पाद्री, पशुवैद्य, त्याची बायको. त्यांचे कागद वेगळ्या रंगाचे, आपले वेगळ्या रंगाचे. आपल्यातलं कुणी फिरकलेलं नाही. म्हणजे बघ, मी गेलो तर त्या पेटीत त्या रंगाचा एकच कागद पडणार. संध्याकाळी पेटी उघडली की ग्वातिझोनं कुणाला मत दिलं ते साहेबाला कळणार, शिपायाला कळणार, उद्या सगळ्या मुलखाला कळणार. गुप्त मतदान म्हणतात! अगं, एका माणसाचं कसलं गुप्त?"

त्यांना हसू येत होतं.

तेवढ्यात कचेरीतून दुभाष्या झिन्हू आला. टाय सैल केलेला, घामाने डबडबलेला. "गुरुजी, साहेब विचारतात, तुम्ही येणार आहात का? नसलात तर ते जेवायला जातील म्हणतात. सकाळपासून खिडकीतून तुमच्याकडेच बघताहेत बिचारे."

"जेवू दे त्यांना," हे म्हणाले.

"दार बंद करता येत नाही ना पाचपर्यंत! तुम्ही एकदाचे काय ते करा. आमच्या पोटात कावळे ओरडताहेत." आणि तो परत गेला.

मी उभी होते, तोंड कचेरीकडे. म्हणून मला दिसलं. कचेरीच्या मागे, जिथून कैद्यांना आत नेतात त्या लहान दाराशी, हिरवी लॉरी थांबली. लॉरी मी ओळखते. तिच्या एका दाराला रंग लावायचा राहिला होता. खाली उतरलेल्या माणसाने टोपी तोंडासमोर धरली होती, पण चाल कुठे लपते? डाव्या पायावर जरा झुकून चालणारा आमच्या भागात एकच माणूस. तो आत गेला आणि मूठभर दाणे निवडायला लागावा एवढ्या वेळात बाहेर आला. लॉरी गेली.

"माकोनेसेबाबा," मी म्हटलं.

"कुठेत?"

"आत्ता मागच्या दाराने आत जाऊन आले."

ह्यांनी वळून पाहिलं, पण धूळच उरली होती. "नक्की?"

"नक्की." आणि मग मी ते वाक्य बोलले. त्याबद्दल मी पुढे कितीदा स्वतःला बोल लावला असेल. मी म्हटलं, "म्हणजे पेटीत आता एक कागद आहे. तुमचा पडला तर दोन होतील. कुणाचा कुठला, कुणाला कळणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, सदरा खोचला आणि रस्ता ओलांडून पुढच्या दाराने आत गेले. पुढच्या दाराने! दारासमोर बस थांबली होती. तिच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. मी चिएद्झाला थोपटत उभी राहिले. ती झोपली होती, थोपटायची गरज नव्हती.

बाहेर आल्यावर त्यांनी कुणाला मत दिलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "माकोनेसेचं कुणाला बोलायचं नाही. वर्गात एखाद्यानं चोरून केलं तर मी पाठीशी घालत नाही. पण हे वेगळं आहे. तो घाबरून गेला असणार."

"आणि तुम्ही?"

"मीही घाबरूनच गेलो. बाहेर आल्यावर जरा कमी वाटतंय."

त्या दिवशी सायकल हाताने ढकलत ते माझ्याबरोबर सगळी वाट चालले. बस आमच्या आधी गावात पोचली होती.

निकाल मिशनच्या रेडिओवर कळला. 'कधीच नको' म्हणणारे गोरे जिंकले. 'ब' यादीवर आमच्या भागातून निवडून आलेल्या माणसाला इतकी थोडी मतं होती, की त्याच्या स्वतःच्या नातेवाइकांनी तरी दिली असतील का, अशी लोक चेष्टा करत. ह्यांनी रेडिओ ऐकला, टोपी घातली आणि शाळेच्या बागेतलं गवत काढायला गेले. दुपारभर काढत राहिले.

रविवारी आम्ही चर्चमध्ये असताना आमची कणगी कुणी तरी पेटवून दिली. आत वर्षाची नाचणी होती आणि बियाण्याचा भुईमूग. भजन चालू असताना धुराचा वास आला. कुणीतरी "गुरुजींच्या बाजूला" म्हणालं आणि आम्ही धावलो. धावणाऱ्यांत आम्ही दोघंच होतो. बाकीचे चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत होते; काहींच्या तोंडातलं भजन अजून संपलं नव्हतं. आम्ही पोचलो तोवर कणगी कोसळली होती. नाचणी भाजल्याचा खमंग वास सुटला होता, आणि त्या वासाची मला इतकी चीड आली की मी तिथेच ओकले.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना न सांगता सहा मैल चालून तफिरेईकडे गेले. तो झोपडीमागे बूट शिवत बसला होता.

"कणगी तू पेटवलीस?"

"मी नाही."

"तुला ठाऊक होतं?"

त्याने दोरा ताणला. मग म्हणाला, "घर पेटवणार होते. मी कणगीवर आणलं."

"उपकार झाले!" मी ओरडले. "आणि त्या माकोनेसेचं काय पेटवणार? त्याने दिलं मत. मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. मागच्या दाराने गेला, चोरासारखा." बोलून गेले आणि जीभ चावली. कुणाला बोलायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं.

तफिरेईने सुई खाली ठेवली नाही. "ठाऊक आहे," म्हणाला.

"काय?"

"त्याच दिवशी कळलं. कचेरीत आमचं माणूस आहे."

"मग?"

"मग काय, ताई? त्याची लॉरी आहे. सभेला माणसं कशातून न्यायची? तुरुंगातल्यांच्या बायकांना पीठ उधार कोण देतो? त्याला पेटवून आम्ही सायकलवर बसू का?" तो वर बघेना. "आणि तो मागच्या दाराने गेला. लोकांनी पाहिलं नाही. गुरुजींना लोकांनी पाहिलं."

"म्हणजे पुढच्या दाराने जाण्याची शिक्षा झाली म्हण."

"तसंच म्हण. आणि हे कुणाला सांगू नकोस. त्याला वाटतं, आम्हाला ठाऊक नाही. वाटू दे. कधीतरी उपयोगी पडेल."

मी परत आले ती कशी आले मला आठवत नाही. नदीत उतरताना चप्पल काढायची राहिली होती, एवढं आठवतं.

ह्यांनी बदली मागितली. जानेवारीत हुकूम आला. साठ मैलांवर, बिकिटाच्या पलीकडे, एक लहान शाळा. सामान न्यायचं कशातून? लॉरी एकच. निरोप द्यावा लागला नाही. माकोनेसेबाबा स्वतःच आले. दारात उभे राहून टोपी हातात फिरवत म्हणाले, "गुरुजी, भाडं-बिडं काही बोलू नका."

पुढच्या बाकावर आम्ही तिघं, चिएद्झा माझ्या मांडीवर, मागे पलंग, कोंबड्या, पुस्तकांच्या पेट्या. निरोप द्यायला कुणी आलं नाही. हापशापाशी मात्र बायका उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने हात थोडासा वर केला आणि लगेच डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

बिकिटाच्या डोंगराची चढण लागली तसं माकोनेसेबाबांनी रस्त्यावरची नजर न काढता बोलायला सुरुवात केली. "दुकानाचा परवाना दर डिसेंबरात नवा करावा लागतो. साहेब परवाना हातात धरून म्हणाला, माकोनेसे, चौदाला भेटू ना आपण? एवढंच म्हणाला. शिक्का तसाच हातात धरून." गाडी गियरमध्ये कुरकुरली. "तुम्ही झाडाखाली होतात. मी पाहिलं तुम्हाला. तुम्ही मला पाहिलंत?"

"माझी पाठ होती," हे म्हणाले.

खोटं नव्हतं ते. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"सहा पोरं आहेत घरात," माकोनेसेबाबा म्हणाले. "तुमची कणगी जळली त्या दिवशी मी चर्चच्या पायरीवर होतो. पाय उचलला नाही माझा."

"पायाचं दुखणं आहे तुम्हाला," हे म्हणाले. ते टोमणा मारत होते की माफ करत होते, मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

नव्या शाळेपाशी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. माकोनेसेबाबांनी पेट्या एकट्याने उतरवल्या, पलंगाचे खांब जोडून दिले, कोंबड्यांचे पाय सोडले. हे आत खोली बघत होते. जाताना माकोनेसेबाबा माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चिएद्झाच्या आई, तुमचं तोंड कचेरीकडे होतं, पाहिलंय मी. गुरुजी बोलणार नाहीत. तुम्ही पण... गावाकडे कधी आलात तर. लोकांना कळलं तर माझं काही राहणार नाही. तुमच्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही."

मी गप्प बसू शकले असते. साठ मैल गप्प बसले होते. पण त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला, त्यांच्या डोळ्यांतली ती सुटका बघितली, आणि मला माझ्या नाचणीचा वास आला.

मी म्हटलं, "तफिरेईला ठाऊक आहे. पक्षात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून."

त्यांचा हात लॉरीच्या दारावर होता तो तिथेच राहिला. "मग..." म्हणाले. पुन्हा "मग..." म्हणाले. ते वर चढले, दोनदा गाडी चालू करायला गेले, दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा चालू झाली. उतारावर लॉरी किती तरी वेळ दिसत होती. एका वळणावर ती थांबली, बराच वेळ थांबून राहिली. मला वाटलं परत येताहेत. मग निघाली.

हे मागे येऊन उभे होते. "काय सांगितलंस त्यांना?"

मी सांगितलं.

ते चिडतील असं मला वाटलं. ते खाली बसले, नव्या घराच्या उंबऱ्यावर, आणि म्हणाले, "आता त्याला झोप लागणार नाही."

"मला कुठे लागतेय?" मी म्हटलं आणि चूल मांडायला तीन दगड शोधायला गेले. त्या शाळेच्या आवारात दगडच नव्हते. दुसऱ्यांच्या शेतापर्यंत जावं लागलं, आणि तिथे काम करणाऱ्या बाईने विचारलं, "तुम्ही नवे दिसता. कुठून आलात?" तिला गाव सांगताना माझा आवाज इतका मोठा झाला की चिएद्झा रडायला लागली.